‘ट्रायाज’ हा शब्द नेमका आला कुठून?

कोरफड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी मराठीत टिपणं लिहून देण्याचं काम मी करते. सध्या आपत्कालीन विभागाचं टिपण हातात आहे आणि पहिल्याच पानावर गाडी अडली ती ‘ट्रायाज’पाशी. म्हणजे तेच, कॅज्युअल्टीच्या दारात रुग्णांना गंभीरतेप्रमाणे लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या लावतात ते. मूळ इंग्रजी स्लाइडवर दोन वाक्यं होती. एक, हा शब्द फ्रेंच ‘त्रि’ म्हणजे तीन यावरून आला, कारण रुग्णांचे तीन गट पाडतात. दोन, नेपोलियनचा सर्जन डोमिनिक जाँ लारे याने तो तयार केला. दोन्ही वाक्यं इतकी गुळगुळीत की खोदकाम करावंसं वाटलं. जे सापडलं ते इथे टाकते, जाणकारांनी भर घालावी.

तीनाचं आधी मिटवते. फ्रेंचमध्ये ‘त्रिये’ असं क्रियापद आहे: निवडणं, वेगवेगळं करणं. त्याला ‘आज’ हा प्रत्यय लागला की ‘त्रियाज’. मसाज आणि गॅराजमधला ‘आज’ही तोच. त्यात तीन कुठेच नाही. आता ‘त्रिये’ कुठून आलं यावर व्युत्पत्तीवाल्यांचं एकमत नाही. एक तर्क असा की उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘त्रितारे’वरून, म्हणजे धान्य मळण्यावरून. तो खरा धरला तर शब्दाचं माहेर खळ्यावर.

इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकात दिसतो, आणि तो लोकरीच्या धंद्यात! कातरलेली लोकर प्रतीप्रमाणे वेगळी करायची, तो ट्रायाज. एकोणिसाव्या शतकात कॉफीच्या व्यापाऱ्यांनी उचलला. तिथे तर निवडून झाल्यावर खाली उरलेल्या फुटक्या बियांनाच ट्रायाज म्हणायला लागले. म्हणजे आज ज्या शब्दाने आपण सर्वांत गंभीर माणूस हुडकतो, तो एकेकाळी गाळसाळीचं नाव होता.

आता लारे. १७९२ साली तो फ्रेंच सैन्याबरोबर ऱ्हाइनच्या आघाडीवर होता. तेव्हाचा नियम असा की फिरतं इस्पितळ सैन्याच्या मागे एक लीगवर, म्हणजे चारेक किलोमीटरवर थांबायचं आणि लढाई संपली की जखमी गोळा करायचे. तोवर माणूस दिवस-दीड दिवस होता तिथेच पडून. लारेने घोड्यांवरून पळणारा तोफखाना पाहिला, त्याला ‘उडता तोफखाना’ म्हणत. त्याच धर्तीवर त्याने ‘उडतं इस्पितळ’ मागितलं: आंब्युलांस व्होलांत. हलक्या दुचाकी गाडीत दोन जखमी, मोठ्या चारचाकीत चार. आतून गादी लावलेली, आणि खालची फळी छोट्या चाकांवर बाहेर ओढता यायची. इजिप्तच्या मोहिमेत गाड्या वाळूत चालेनात, तेव्हा त्याने उंटांच्या दोन्ही बाजूंना पेटारे बांधून जखमी हलवले.

रुग्ण निवडण्याचं तत्त्वही त्याच्या आठवणींत स्पष्ट आहे: ज्याची जखम सर्वांत धोक्याची त्याच्यापासून सुरुवात करा, हुद्दा आणि मानपान बघू नका. सरदार-दरकदारांच्या त्या काळात हे लिहिणं सोपं नव्हतं. पण गंमत अशी की तत्त्व आहे, ‘त्रियाज’ हा शब्द मात्र तो त्यासाठी वापरत नाही. जखमींसाठी हा शब्द रुळला तो पहिल्या महायुद्धात, लारेच्या मागे पाऊणशे वर्षांनी. मधल्या काळात लोकर-कॉफीतून तो माणसांवर कसा आला, हाच माझा प्रश्न आहे.

आणि उच्चाराचं काय करायचं? आमच्याकडे निम्मे ट्रायेज म्हणतात, निम्मे ट्रायाज.

---

गवती_चहा

मस्त धागा, वाखूण साठवली. आम्हाला नर्सिंगला तीनच शिकवलं होतं, परीक्षेत मार्कही मिळाले होते. :)

---

शंकासुर

तीनाचा संबंध नाही म्हणता, पण मग गट तीनच का असतात? लाल, पिवळा, हिरवा. लोकांनी मूळ विसरून तीनाशी जोडलं असेल तर तोही शब्दाचा इतिहासच झाला की. नुसतं मूळ सांगून वापर खोटा ठरत नाही.

---

कॅज्युअल्टीवाला

शंकासुरराव, गट तीन नाहीत, काळा धरून चार आहेत. आणि काही पद्धतींत पाच. तेव्हा तीनाचा पाया तिथेच खचला.

कोरफडताई, टिपणात टाकायला उपयोगी पडेल म्हणून प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो. मोठ्या अपघातात सर्वांत जास्त वापरतात ती स्टार्ट नावाची पद्धत, १९८३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला एका हॉस्पिटलने आणि अग्निशमन दलाने मिळून बसवलेली. तिची पहिली पायरी ऐकली की लोक हसतात. मोठ्याने ओरडायचं: “ज्यांना चालता येतंय त्यांनी या बाजूला या!” जे आले ते हिरवे. त्यांना कुणी हात लावत नाही, निदान सुरुवातीला तरी. उरले त्यांच्याकडे वळायचं. श्वास चालू आहे का? नसेल तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरी आला नाही तर काळी पट्टी, पुढे चला. श्वास मिनिटाला तीसच्या वर असेल तर लाल. मग नख दाबून सोडायचं, रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर लाल. मग साधी आज्ञा: “माझा हात दाबा.” जमलं नाही तर लाल, जमलं तर पिवळा. एका माणसामागे मिनिटभरसुद्धा घालवायचं नाही. रक्ताची धार दाबणं आणि श्वासमार्ग उघडणं सोडलं तर इलाज काहीच करायचा नाही, आणि नव्या डॉक्टरला हेच सर्वांत जड जातं. हात शिवशिवतात.

घाटात उलटलेल्या जीपमधली माणसं एका रात्री एकदम आली होती. दारातच एकाने कपाळाच्या जखमेवरून रान उठवलं, आठ नातेवाईक त्याच्याभोवती. बाकावर एक पोरगा गप्प बसून होता, ओठ पांढरे, घाम फुटलेला. पोटात रक्तस्राव. सिस्टरांनी त्याला आधी आत घेतला तर बाहेर शिव्याशाप: “आमचा माणूस रक्ताने माखलाय आणि धडधाकटाला आत नेताय!” कुठल्याही कॅज्युअल्टीत हेच ऐकू येईल. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळतं, पण नातेवाईकांना त्या क्षणी हे सांगून बघा.

---

नाना_भुसावळ

मी डॉक्टर नाही, रेल्वेतून निवृत्त. शब्द वाचून थबकलो. फ्रेंच रेल्वेबद्दलच्या मजकुरात आमच्या मार्शलिंग यार्डाला, म्हणजे मालगाड्यांचे डबे वेगळे करायच्या जागेला, ‘गार द त्रियाज’ म्हटलेलं वाचलं आहे. तो हाच का?

---

लिऑनकर

नाना, अगदी तोच. इथे फ्रान्समध्ये सामान्य माणसाला ‘त्रियाज’ म्हटलं की हॉस्पिटलच्या आधी रेल्वेचं यार्ड आठवेल. टपाल वेगळं करायच्या केंद्राला ‘सांत्र द त्री’ म्हणतात, आणि ओला-सुका कचरा वेगळा करणं म्हणजेही ‘त्री’. माझ्या इमारतीच्या जिन्यात कचऱ्याच्या डब्यांवर हाच शब्द आहे. त्यामुळे मराठी डॉक्टर मित्र इकडे आले की त्यांना जरा धक्काच बसतो.

कोरफडताईंच्या मधल्या काळाच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं रेल्वेतच आहे. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा फ्रेंच सैन्याचा सगळा भर जखमींना लवकरात लवकर मागे हलवण्यावर होता. गुरांच्या-मालाच्या डब्यांत पेंढा टाकून माणसं भरायची आणि दूर आतल्या शहरांत पाठवायची. वाटेत जखमा चिघळायच्या, गँगरीन व्हायचं. पहिल्या काही महिन्यांत यात फार माणसं गेली. मग धोरण बदललं. आघाडीच्या मागे, रुळांना लागून मोठी ‘निर्गमन इस्पितळं’ उभी केली आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाची विभागणी सुरू झाली: याला हलवताच येणार नाही, इथेच ऑपरेशन; हा गाडीने पुढे जाऊ शकतो; विषारी वायूच्या हल्ल्यातला वेगळीकडे; किरकोळ जखमी बरा होऊन परत आघाडीवर. या विभागणीला त्रियाज. अमेरिकन सैन्य १९१७ मध्ये आलं, त्यांनी ही व्यवस्था आणि शब्द दोन्ही उचलले, आणि तिथून तो इंग्रजी वैद्यकात आला.

बाकी फ्रेंचमध्ये लारेचा उच्चार लारेच. तो १८४२ मध्ये आमच्या या लिऑनमध्येच वारला, म्हणून जरा जास्त आपुलकी.

---

नाना_भुसावळ

मग आता मला बोलू द्या, कारण तुम्ही सगळे ‘कोण आधी’ म्हणताय आणि यार्डात तो प्रश्नच नसतो.

आमच्याकडे हंप असायचा. म्हणजे रुळाचा उंचवटा. आलेली मालगाडी इंजिनाने मागून हळूहळू वर ढकलायची, माथ्यावर कपलिंग सोडायचं आणि वॅगन आपल्या वजनाने खाली उतरायला लागली की केबिनवाला काटा बदलून तिला तिच्या रुळावर घालायचा. एक नागपूरकडची, पुढची सुरतेकडची, तिसरी दुरुस्तीच्या सायडिंगला. वॅगनमध्ये काय आहे, मालक कोण, याच्याशी केबिनवाल्याला घेणं नाही. त्याला एकच माहिती लागते: जायचं कुठे.

लिऑनकरांनी लिहिलं ते तंतोतंत हंपवरचं काम आहे. तेव्हा माझं म्हणणं, या शब्दात मुळात ‘कोण कुठे’ आहे. ‘कोण आधी’ हे नंतर घुसलं.

---

कोरफड

नाना, __/\__

हे मला कुठल्याच स्लाइडवर सापडलं नसतं. आणि लोकर-कॉफीशीही जुळतं. लोकर निवडणारा कुठली लोकर आधी धुवायची ते ठरवत नाही, कुठली कुठल्या ढिगात जाणार ते ठरवतो. उलट लारेचं तत्त्व पूर्ण ‘कोण आधी’चं आहे. दोन वेगळ्या गोष्टी, एक तत्त्व आणि एक शब्द, विसाव्या शतकात एकत्र आल्या आणि मग मागे जाऊन लारेच्या नावावर शब्दसुद्धा चढवला, असं दिसतंय.

---

शंकासुर

नानांचा मुद्दा देखणा आहे पण सोयीचा आहे. महायुद्धात डॉक्टर अपुरे होते. एका माणसाच्या पोटाच्या ऑपरेशनला जितका वेळ जातो तितक्यात दहाजणांच्या हातापायांच्या जखमा उरकतात. मग पोटवाल्याला बाजूला ठेवलं जायचं. याला ‘कुठे पाठवायचं’ म्हणणं म्हणजे शब्दांचा खेळ झाला. तो कोपऱ्यातल्या तंबूत गेला, मरायला. लारे म्हणतो सर्वांत गंभीर आधी. हे म्हणतात वाचण्याजोगा आधी. हा बदल मोठा आहे आणि तुम्ही तो काटा बदलण्याच्या उपमेत गुंडाळताय.

---

कॅज्युअल्टीवाला

इथे मी शंकासुरांच्या बाजूने. रोजच्या कॅज्युअल्टीत आम्ही लारेच्या नियमाने चालतो, सर्वांत गंभीर आधी, कारण बाकीच्यांना थोडं थांबवलं तरी सगळ्यांना पुरेल इतकी माणसं आणि सामान असतं. आपत्तीत ते उरत नाही, मग काळी पट्टी येते. तीच पट्टी लावलेला माणूस एकटा आला असता तर त्याच्यावर आम्ही पाचजण तुटून पडलो असतो. शब्द एक, नियम दोन. टिपणात हे दोन वेगळे परिच्छेद करा ही विनंती. विद्यार्थी यातच गोंधळतात.

युद्धात असं निवडून ठेवणारा लारेनंतरचा मोठा माणूस म्हणजे रशियन सर्जन पिरोगोव्ह. क्रिमियन युद्धात, १८५४-५५ ला सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात त्याने जखमींचे गट पाडले. असाध्य, तातडीचे, थांबू शकणारे, किरकोळ असे. असाध्य असलेल्यांकडे पाद्री आणि परिचारिका. त्याचं म्हणणं असं की जखमींचा लोंढा आला की सर्जनच्या कौशल्यापेक्षा व्यवस्था जास्त जीव वाचवते.

---

पलटण

व्यवस्थेवरून आठवलं. याचं आपल्या जवळचं उदाहरण आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं.

नोव्हेंबर १९१५, टेसिफॉन, बगदादच्या अलीकडे तिग्रिसकाठी. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली सहावी पूना डिव्हिजन. नावच पूना. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. लढाईत चार हजारांहून जास्त मृत आणि जखमी. तयारी त्याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घातलं. एरवी दाणागोटा वाहायच्या त्या लोखंडी गाड्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस त्यात वाळवंटातून नदीपर्यंत. मग बोटींच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने बसऱ्यापर्यंत कित्येक दिवस. कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा मेजर बसऱ्याला होता. ‘मेजिदिए’ ही बोट धक्क्याला लागताना त्याने पाहिली. लांबून बाजूने दोरखंड लोंबताहेत असं वाटलं, जवळ आल्यावर कळलं की ती विष्ठा आहे. आमांश झालेली माणसं जागची हलू शकत नव्हती. त्याने तक्रार केली तर वरिष्ठांनी त्यालाच लुडबुड्या ठरवून दटावलं. पुढे मेसोपोटेमिया कमिशन बसलं, १९१७ मध्ये अहवाल आला, त्यात त्याची साक्ष आहे.

त्याच वर्षांत फ्रान्समध्ये रुळांलगत त्रियाज बसत होतं. नानांच्या भाषेत सांगायचं तर मेसोपोटेमियात काटा बदलणारा असून उपयोग नव्हता, पुढे रूळच नव्हते.

---

गवती_चहा

बापरे. जेवताना वाचलं. :(

---

लिऑनकर

पलटण, धन्यवाद, हे वाचलं नव्हतं.

याच घरातला दुसरा शब्द, ‘अँब्युलन्स’, त्याचीही अशीच सरकासरकी आहे. मूळ ‘ऑपिताल आंब्युलां’, म्हणजे चालतं इस्पितळ. लारेच्या काळात आंब्युलांस म्हणजे गाडी नव्हे, तर सर्जन, सामान, गाड्या असं सगळं मिळून एक फिरतं पथक. १८६४ च्या जिनिव्हा कराराचं पहिलंच कलम ‘अँब्युलन्स आणि लष्करी इस्पितळं तटस्थ मानावीत’ असं आहे, तिथेही अर्थ फिरतं इस्पितळ हाच. इंग्रजीत मात्र क्रिमियन युद्धापासून तो नुसत्या गाडीला चिकटला. म्हणजे आपण इस्पितळ टाकून चाकं ठेवली.

---

पलटण

अवांतर: हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेत जखमी डोलीतून नेत आणि भोई लोक ती उचलत. त्यावरून जुना विनोद आहे. लढाईच्या खलित्यात कुणीतरी लिहिलं की जखमींना ‘डोल्यांनी’ उचलून नेलं, तर लंडनमध्ये एका वक्त्याने ‘डोली’ ही कुणी रानटी जमात आहे असं समजून पार्लमेंटात आग पाखडली. किस्सा रचलेलाच असणार, पण चांगला आहे. डोली मात्र रचलेली नाही. नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यांवरून बाळंतिणीला झोळीत घालून सडकेपर्यंत आणल्याच्या बातम्या अजून येतात.

---

वकील_वाडा

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आमच्या कोर्टातला ‘ट्रायल’ही याच ‘त्रिये’चा. इंग्लंडच्या कोर्टांत फ्रेंच चालायची त्या काळात आला. इंग्रजी ‘ट्राय’चाही जुना अर्थ चाळून वेगळं करणं असाच, प्रयत्न करणं हा अर्थ नंतरचा.

आणि मराठीत बघा: निवडणे आणि निवाडा. तांदळातले खडे काढणारी आणि न्यायाधीश एकाच धातूवर पोट भरतात. कोरफडताई, मराठी प्रतिशब्द हवा असेल तर ‘निवड’ हा सर्वांत जवळचा.

---

कोरफड

वकीलसाहेब, शब्द सुरेख आहे पण वॉर्डात चालणार नाही. “तुमच्या पेशंटची निवड झाली नाही” असं सिस्टरने नातेवाइकांना सांगितलं तर काय होईल? लोकांना निवड म्हणजे निवडणूक नाहीतर नोकरी. ‘प्राधान्यक्रम’ कागदावर बरा, तोंडी कुणी म्हणत नाही. मी टिपणात ‘ट्रायाज’च ठेवतेय आणि कंसात ‘रुग्णांची वर्गवारी’. रुग्णालयातल्या मावशीसुद्धा ‘रेड झोनला घ्या’ म्हणतात, त्यांचं काम शब्दावाचून अडत नाही.

---

शंकासुर

‘वर्गवारी’ म्हणजे नाना जिंकले. त्यात ‘आधी’ नाही.

---

नाना_भुसावळ

जिंकण्यात काय आहे. पण २०२० आठवा. मुंबईत सुरुवातीला खाटेसाठी सगळे एकाच ठिकाणी फोन लावून बसायचे. मग जूनमध्ये महापालिकेने चोवीस वॉर्डांत चोवीस वॉर रूम केल्या आणि कुणी घरी राहायचं, कुणी जंबो सेंटरला, कुणाला आयसीयू, हे तिथून ठरायला लागलं. माझी पुतणी एका वॉर रूममध्ये फोनवर होती. ऑक्सिजन किती, वय किती, शुगर आहे का, घरात वेगळी खोली आहे का. चार प्रश्न आणि काटा फिरवायचा. घरात खोली आहे का हा प्रश्न आजाराचा नाहीच, जायचं कुठे याचा आहे.

---

कॅज्युअल्टीवाला

नाना, तो प्रश्न दुपारपर्यंत ‘कुठे’चा असायचा. एप्रिल २०२१ मध्ये रात्री व्हेंटिलेटर एकच मोकळा असला की ‘कोण’चा व्हायचा. पुतणीला विचारून बघा.

---

नाना_भुसावळ

विचारायला नको, ती तेव्हा जेवत नव्हती. मान्य आहे डॉक्टर.

---

लिऑनकर

एक माहिती राहिली. आज इथल्या फ्रेंच हॉस्पिटलांत दारात ही विभागणी करणाऱ्या परिचारिकेच्या पदनामात ‘त्रियाज’ हा शब्दच नाही. तिला ‘स्वागत आणि दिशादर्शन परिचारिका’ अशा अर्थाचं नाव आहे. माणसांसाठी कचऱ्याचा नि मालगाड्यांचा शब्द यांना बोचत असावा, असा माझा अंदाज. जगाला दिला आणि स्वतः दारावरून काढला.

---

वकील_वाडा

‘दिशादर्शन’! म्हणजे परत नाना.

---

गवती_चहा

असाच अजून एक शब्द विचारू का? ‘डिब्राइडमेंट’. जखमेतली घाण, डेब्रिस, काढणे म्हणून डिब्राइडमेंट, असं आम्हाला शिकवलं होतं. हेही तीनासारखंच निघणार का?

---

लिऑनकर

निघणार. डेब्रिसचा काही संबंध नाही. फ्रेंच ‘ब्रीद’ म्हणजे घोड्याचा लगाम, ‘देब्रिदे’ म्हणजे लगाम काढणं. जुन्या सर्जनच्या दृष्टीने जखमेभोवती ताणलेला पडदा आवळून बसलेला असतो, तो चिरून मोकळा करायचा, म्हणून हा शब्द. मेलेलं मांस कापून काढणं हा अर्थ मागाहून आला.

---

कॅज्युअल्टीवाला

इतकी वर्षं मीही डेब्रिसच सांगत आलोय मुलांना. यावर वेगळा धागा काढा गवती_चहाताई, इथे नको, हा आधीच लांबलाय.